‘फोटोपुरती सफाई’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शहरातल्या सामूहिक सफाई मोहिमा आणि रिसायकलिंगचे वर्ग यांवरच्या लेखाखाली तुम्ही चार आक्षेप घेतलेत. मोहीम फोटोपुरती असते आणि आठवड्यात जागा जैसे थे होते. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्रच पडतो. वर्गात शिकवलेलं कुणी पाळत नाही. आणि वेष्टनं बनवणाऱ्या कंपन्यांचं पाप या सगळ्यातून नागरिकांच्या माथी मारलं जातं. जाता जाता सुया आणि काचांबद्दलही विचारलंत. उत्तर लांबणार आहे, कारण यातले दोन आक्षेप खरे आहेत आणि म्हणूनच त्यांचा तपशिलात विचार करायला हवा.

मोहिमेत उचललेल्या गोण्या हे तिचं मुख्य फलित नाही, असं माझं ठाम मत आहे. मुख्य फलित म्हणजे नोंद: कुठे, काय आणि किती पडलं होतं. १९८६ साली टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावर जी सफाई झाली आणि जिच्यातून पुढे आंतरराष्ट्रीय किनारा सफाई उभी राहिली, तिच्यात स्वयंसेवकांच्या हातात पिशवीबरोबर नोंदपत्रकही होतं. शहरातल्या बहुतेक मोहिमांनी पिशवी उचलली, पत्रक सोडून दिलं. मग सांगायला ‘इतके किलो’ एवढंच उरतं, आणि तो आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो.

का, ते सांगतो. ओली माती, पाण्याने अर्धी भरलेली बाटली, भिजलेलं कापड यांनी वजन फुगतं. पावसानंतर मोहीम घेतली तर ‘कामगिरी’ आपोआप वाढते. उलट अर्ध्या लिटरची रिकामी पाण्याची बाटली दहा ते वीस ग्रॅमची, म्हणजे एका किलोत पन्नास ते शंभर बाटल्या बसतात. सिगारेटची थोटकं तर हजारोंनी लागतात. त्यांचा फिल्टर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, आणि नगांनी मोजलं तर ती यादीत वरच्या क्रमांकावर येतात. वजनाच्या तक्त्यात ती दिसतच नाहीत. म्हणून नग मोजायचे.

मोजणीची रीत सोपी आहे, पण ती आधी ठरवावी लागते. रस्त्याचा किंवा नाल्याकाठचा १०० मीटरचा तुकडा टेपने मोजून त्याची सुरुवात आणि शेवट खांबावर किंवा कठड्यावर खुणेने पक्के करायचे. चौघांचा एक गट: दोघं उचलणारे, एक गोणी धरणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने कचऱ्याला हात लावायचा नाही. लावला की हातमोजे काढ-घाल सुरू होते आणि नोंद बुडते. रकाने सात-आठच ठेवायचे: बाटल्या, झाकणं, खाऊची वेष्टनं, पेले, पिशव्या, थोटकं, काच, इतर. वीस रकाने केले की लोक अंदाजाने ठोकून देतात. उचलणारा मोठ्याने ओरडतो, लिहिणारा पाच-पाचच्या रेघा मारतो. दोन तासांपुढे जायचं नाही, कारण दमलेला माणूस आधी मोजणं सोडतो, उचलणं नंतर.

पातळ काळ्या पिशव्या टाळा. फांदीला किंवा काचेला लागून फाटतात आणि आत काय आहे ते दिसत नाही. विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्या धुऊन पुन्हा वापरता येतात.

आता ‘आठवड्यात जैसे थे’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाहनतळावरच्या गाड्यांच्या काचेवर पत्रकं खोचली होती. आधीच कचरा असलेल्या वाहनतळावर ३२ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं, स्वच्छ वाहनतळावर १४ टक्क्यांनी. समोरच दुसरा कुणी कचरा टाकताना दिसला, तर घाणेरड्या जागी हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं आणि स्वच्छ जागी ६ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे जागा स्वच्छ असण्याचा परिणाम होतो, पण तो शून्य कचऱ्याचा नव्हे. जिथून रोज हजारो माणसं जातात तिथे १४ टक्केसुद्धा आठवड्यात रस्ता भरायला पुरे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्यावरून ‘सफाई व्यर्थ’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की कचरा येतो कुठून हे शोधल्याशिवाय दुसरी मोहीम घेऊ नये.

त्यासाठी सफाईनंतर सातव्या आणि तिसाव्या दिवशी तोच १०० मीटरचा तुकडा पुन्हा मोजायचा. समजा सातव्या दिवशी १४० नग मिळाले, तर रोजची भर २० नगांची. पुढे काही बदल केला, उदाहरणार्थ कचरापेटी हलवली किंवा गाडीची वेळ बदलली, की याच आकड्याशी ताडून पाहता येतं. फोटोंवरून हे कळत नाही. फोटो कुठल्या कोनातून काढला यावर स्वच्छता ठरते.

नग कुठे सापडले यावरून उगम बराचसा ओळखता येतो. पेले आणि वेष्टनं बसथांब्यापासून काही पावलांत दाटून असतील आणि पुढे विरळ होत असतील, तर ते थांबणाऱ्यांचं काम. तिथे पेटी लागेल. घरगुती कचरा फाटक्या पिशव्यांसकट एका कोपऱ्यात असेल, तर गाडीची वेळ लोकांना जमत नाही किंवा रात्री बाहेर ठेवलेल्या पिशव्या कुत्री फाडतात. तिथे पेटी ठेवली तर उलट उकिरडा पक्का होतो. हलकं प्लास्टिक कुंपणाला आणि झुडपांना एकाच बाजूने चिकटलेलं असेल, तर वाऱ्याच्या उलट दिशेला बिनझाकणाची किंवा ओसंडणारी पेटी शोधा. राडारोडा आणि गाद्या रात्री वाहनातून येतात. त्यावर वर्ग घेऊन काही होत नाही. तिथे वाहनाला आडकाठी आणि दिवा लागतो.

पेट्यांबद्दल एक गोष्ट कायम चुकते. ‘फक्त बाटल्या’ असं लिहिलेली पेटी एकटी ठेवली की ती आठ दिवसांत साधी कचरापेटी होते, कारण हातात केळ्याचं साल असलेल्या माणसाला दुसरी जागाच दिलेली नसते. दोन पेट्या खेटून हव्यात, आणि बाटलीच्या पेटीला बाटलीच जाईल एवढं गोल भोक हवं. पाटी कुणी वाचत नाही. भोकाचा आकार हाताला आपोआप कळतो.

गाडीत सगळं एकत्र पडतं हा तुमचा दुसरा आक्षेप. तो तपासता येतो, तेव्हा गृहीत धरू नका. काही गाड्यांना आत पडदी असते आणि मागून पाहिलं तर दोन्ही कप्पे एकच वाटतात. गाडी रिकामी होते तिथे उभं राहून पाहायचं: ओलं आणि सुकं दोन जागी पडतं की एकाच ढिगात? एकाच ढिगात पडत असेल, तर लोकांना वेगळं करा म्हणून सांगणं त्याच दिवशी थांबवा आणि आधी वाहतुकीचा प्रश्न लावून धरा. एकदा फसलेल्या घराला पुन्हा वळवणं नव्या घराला शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण.

तिसऱ्या आक्षेपात, वर्ग निष्फळ असतात यात, बरंच तथ्य आहे. वर्गांचा क्रम उलटा असतो. आधी शिकवतात, मग माल कोण घेईल ते शोधतात. खरं तर पहिला फोन माल घेणाऱ्याला करायचा: कुठलं प्लास्टिक घेता, सुटं की दाबून, किमान किती, कुठल्या दिवशी उचलता, कशामुळे परत पाठवता? तो जे घेत नाही ते शिकवायचंच नाही. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात असलेला आकडा हे रिसायकलिंगचं आश्वासन नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने प्लास्टिकचा प्रकार ओळखण्यासाठी तो आणला. बाणांच्या त्रिकोणामुळे इतका गोंधळ झाला की २०१३ मध्ये मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला गेला. जुने साचे अजून चालू असल्याने बाण दिसत राहतात.

वर्गात भाषणापेक्षा पाण्याचं पातेलं ठेवा. पाण्याच्या बाटलीचा नखाएवढा तुकडा कापा, झाकणाचा तेवढाच कापा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि दोन्ही तुकडे बोटाने बुडवून सोडा. (साबण नसेल तर हवेचे बुडबुडे चिकटून ‘पेट’, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिकसुद्धा तरंगतं आणि शिकवणाऱ्याची फजिती होते.) बाटली बुडते, झाकण वर येतं. पेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट आहे, झाकणाचं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं. कारखान्यातही चुरा करून असंच वेगळं करतात, म्हणून झाकण बाटलीवर राहिलं तरी सहसा बिघडत नाही. बाटली दाबून हवा काढायची आणि मग झाकण लावायचं. फुगलेल्या बाटल्यांनी गोणी हवेनेच भरते.

आता पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांत वापरतात त्या प्लास्टिकचा तुकडा टाका. तोही बुडतो. त्याची घनता पेटच्या इतकी जवळ आहे की पाणी दोघांना वेगळं करू शकत नाही, आणि इथेच खरा घोटाळा आहे. पेट वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, पेटच्या साखळ्या तुटतात, माल पिवळा-काळा पडतो. मोठा साठा बिघडवायला थोडंसं पीव्हीसीही पुरतं. ओळखायचं कसं? बाटली उलटी करा. पेटच्या तळाशी मधोमध एक ठिपका असतो. पीव्हीसीच्या तळाशी आडवी सांध्याची रेघ असते. पॉलिथिलीनच्या डब्यांनाही रेघ असते, पण ते दुधाळ किंवा अपारदर्शक असतात. पारदर्शक आणि रेघ असलेली बाटली बाजूला काढायची, इतका नियम मुलांनाही जमतो.

बाकीच्या कसोट्या पटकन: चकचकीत वेष्टन मुठीत चुरगळून सोडलं आणि ते उलगडलं तर प्लास्टिक, चुरगळलेलंच राहिलं तर धातूची पन्नी. कागदी पेला फाडला आणि आतून पातळ पापुद्रा ताणला गेला तर तो कागदाच्या गोणीत नको. तेलकट कागद आणि चकचकीत छापील पावत्याही नकोत. पातळ पिशव्या वर्गीकरण यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळल्या जातात आणि यंत्र बंद करून त्या सुरीने कापाव्या लागतात. लिथियमच्या बॅटऱ्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. त्यांच्यासाठी वेगळा डबा, टोकांना चिकटपट्टी लावून.

आणि रस्त्यावरून उचललेल्या कचऱ्यातलं फार थोडंच रिसायकल होतं, हे स्वयंसेवकांना आधीच सांगावं. धातूचे डबे, बऱ्यापैकी स्वच्छ बाटल्या आणि काच, बस. चिखलातली बहुपदरी वेष्टनं कुणी घेत नाही. ‘सगळं रिसायकल केलं’ अशी पोस्ट टाकणाऱ्यांवरचा तुमचा राग रास्त आहे.

वर्ग पाळला जातो का, हे विचारून कळत नाही. गोणी उपडी करून कळतं. ताडपत्रीवर एक गोणी ओता, चुकीचे जिन्नस वेगळे करा, दोन्ही वजनं घ्या. (इथे वजन चालतं, कारण माल घेणाराही तेच बघतो.) सर्वांत जास्त आढळलेली एकच चूक निवडा आणि पुढचा महिनाभर फक्त तिच्याबद्दल बोला. तीस चित्रांचं पोस्टर लावलं की त्यातलं एकही लक्षात राहत नाही.

कंपन्यांच्या मुद्द्यावर आपण एकाच बाजूला आहोत. ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही नागरिकांना कचरा टाकू नका असं सांगणारी संस्था १९५३ मध्ये निघाली तेव्हा तिच्यामागे पेय आणि वेष्टन उद्योगातल्याच कंपन्या होत्या. आणि २०१५ पर्यंत जगभर झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी साधारण ९ टक्केच रिसायकल झालं होतं. ते नागरिकांच्या आळसाने नव्हे. बाटलीवर परत मिळणारी अनामत घेण्याची पद्धत वर्गांपेक्षा कितीतरी प्रभावी आहे. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर सक्तीची अनामत आहे आणि नव्वद टक्क्यांहून जास्त माल परत येतो. पण असा कायदा मागायला जाताना हातात काय असणार? नोंदपत्रकात ब्रँडचा एक रकाना वाढवा. अमुक रस्त्यावर सहा महिन्यांत अमुक उत्पादकाच्या इतक्या बाटल्या, हे कागदावर असेल तर बैठकीत बोलणं बदलतं. त्यासाठी सफाई सोडून चालत नाही, ती नीट मोजूनच करावी लागते.

राहिला सुयांचा प्रश्न. पातळ वापरा-फेका हातमोजे काहीच अडवत नाहीत. जाड रबराचे हवेत, तरीही सुई त्यांतून जाऊ शकते, म्हणून हाताने नाहीच, लांब चिमट्याने. रुंद तोंडाचा जाड प्लास्टिकचा डबा जमिनीवर टेकवायचा, हातात धरायचा नाही, आणि सुई टोकाकडून आत सोडायची. टोपण परत लावायचा प्रयत्न करू नये. अनेकदा सुई तेव्हाच टोचते. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करून जैववैद्यकीय कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा, गोणीत टाकायचा नाही. टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. अठरा वर्षांखालच्यांना झुडपं आणि नाल्याकाठच्या गटात घेऊ नये. त्यांना नोंदपत्रक द्यावं.