डंकनचा खून मॅक्बेथनेच केला

गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याने मला एक मजकूर पाठवला आणि त्याखाली एवढेच विचारले, "मोठे बाबा, हे खरं आहे का?" मजकुराचे शीर्षक होते 'मॅक्बेथची खरी शिकवण'. मॅक्बेथ म्हणजे शेक्सपिअरच्या त्याच नावाच्या नाटकाचा नायक; स्कॉटलंडचा राजा डंकन याचा खून करून तो गादीवर बसतो. त्यात म्हटले आहे की, मॅक्बेथ हा मुळात राजनिष्ठ आणि सरळ मनाचा सेनापती होता. खुनाचा विचार त्याच्या डोक्यात बायकोने भरला. 'तू राजा होशील' हे चेटकिणींचे भाकीत विधिलिखित असल्यामुळे त्याच्या हाती तसेही काही नव्हते. पुढचा सारा रक्तपात त्या बाईच्याच इशाऱ्यावर झाला. तिने अखेरीस आत्महत्या केली हीच तिच्या अपराधाची कबुली. आणि ही सगळी खरोखर घडलेली हकीकत आहे. तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष आहे : 'ज्या घरातल्या बाईला सत्तेची हाव सुटते, त्या घराचा मॅक्बेथ होतो.'

पुतण्याच्या बायकोने यंदा सरपंचपदासाठी, तेही सर्वसाधारण जागेवरून, उभे राहायचे ठरवले आहे. ही गोष्ट गावात कळली त्याच संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप गटात हा मजकूर आला, आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्या माहेरीही पोहोचला होता. शेक्सपिअरचे नाव पुढे करून एका सुनेला दटावण्याचा हा प्रकार मला सहन झाला नाही. मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे उत्तर देणे मला भागच आहे. माझा पुरावा एकच आहे : १६२३ साली छापलेली त्या नाटकाची संहिता.

पहिला मुद्दा बायकोने विचार भरल्याचा. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी मॅक्बेथला 'पुढे राजा होशील' असे सांगतात, तेव्हा तो दचकतो; इतकी शुभ वार्ता ऐकून तू घाबरल्यासारखा का झालास, असे शेजारी उभा असलेला त्याचा सहकारी सेनापती बँको त्याला विचारतो. त्यानंतर लगेच चेटकिणींनीच सांगितलेली कॉडॉरची सरदारकी मिळाल्याची बातमी येते आणि मॅक्बेथ मनाशी बोलतो ते खुनाविषयीच. खून अजून केवळ कल्पनेत आहे, तरी त्या चित्राने आपले केस उभे राहतात, असे तो स्वतःच म्हणतो. चौथ्या प्रवेशात राजा डंकन आपला मुलगा माल्कम याला वारस म्हणून जाहीर करतो, तेव्हा 'ताऱ्यांनो, आपला प्रकाश झाका, माझ्या काळ्या वासना कोणाला दिसू नयेत' असे मॅक्बेथ म्हणतो. त्याची बायको, लेडी मॅक्बेथ, रंगमंचावर पहिल्यांदा येते ती पाचव्या प्रवेशात, त्याचेच पत्र वाचत. जी बाई अजून आलेलीच नाही, तिने दोन प्रवेश आधी त्याच्या डोक्यात काय आणि कसे भरले, हे या मजकुराच्या लेखकाने सांगावे.

यात अर्धे सत्य आहे, ते मी नाइलाजाने का होईना, मान्य करतो. सातव्या प्रवेशात मॅक्बेथ खरोखर कचरतो. डंकन आपला नातलग आहे, राजा आहे, वर पाहुणा आहे, आणि आपल्याला पुढे रेटणारी केवळ महत्त्वाकांक्षा आहे, हे त्याला स्वच्छ दिसते, आणि आता हे काम थांबवू असे तो बायकोला सांगतोही. ती त्याच्या पुरुषत्वाला डिवचते, अंगावरच्या मुलाचे डोके आपटण्याची भयंकर भाषा बोलते, पहारेकऱ्यांना दारू पाजण्याची योजना मांडते. ती निर्दोष नाही आणि तिला निर्दोष ठरवण्याची माझी इच्छाही नाही. मात्र त्याच भांडणात ती त्याला आठवण देते की, ही गोष्ट तूच माझ्यापुढे काढली होतीस, आणि तेव्हा ना वेळ अनुकूल होती ना जागा. या वाक्याला मॅक्बेथ नकार देत नाही. खंजीर हातात घेऊन राजाच्या खोलीत तोच जातो, आणि झोपलेला राजा आपल्या बापासारखा दिसला नसता तर मीच केले असते, असे म्हणणारी ती बाहेर थांबते.

सर्वांत संतापजनक आहे तो पुढच्या रक्तपाताविषयीचा मुद्दा, कारण येथे संहिता नुसती वेगळी नाही, तर नेमकी उलट आहे. तिसऱ्या अंकात बँकोला मारण्याचे ठरते तेव्हा मॅक्बेथ दोन मारेकऱ्यांना स्वतः बोलावतो, तुमच्या दैन्याला बँकोच कारणीभूत आहे असे त्यांच्या मनावर बिंबवतो, आणि तुम्ही खरे पुरुष आहात की नुसत्या यादीतले, असे विचारून त्यांना पेटवतो. म्हणजे ज्या टोमण्याने तो स्वतः ढकलला गेला, तेच हत्यार तो आता गरजू माणसांवर चालवतो आहे. माणसाला वापरून घेण्याची कला या नाटकात कोणाची, असे विचारले तर मी हा प्रवेश उघडून दाखवीन. बायको काय बेत आहे असे विचारते तेव्हा तो तिला लाडाने सांगतो की, काम होईपर्यंत तुला काही ठाऊक नसलेलेच बरे, नंतर वाहवा कर.

मग चौथा अंक. फाइफचा सरदार मॅक्डफ इंग्लंडला निघून गेल्याचे कळताच मॅक्बेथ त्याच्या वाड्यावर माणसे पाठवून त्याची बायको, मुले आणि हाती लागतील ते नातलग मारण्याचे ठरवतो. या वेळी तो बायकोशी एक शब्द बोललेला नाही. त्या अंकात ती रंगमंचावर येतच नाही. मॅक्डफची बायको मुलाशी बोलत बसली आहे, मारेकरी आत येतात आणि तिच्या डोळ्यांदेखत पोराला भोसकतात. आपण कोणाचे काही वाईट केलेले नाही, असे ती त्याच्या क्षणभर आधी म्हणते. 'पुढचे सारे त्या बाईच्या इशाऱ्यावर झाले' असे लिहिणाऱ्याने हा प्रवेश वाचलेला नाही, किंवा वाचून लपवला आहे. दुसरी शक्यता अधिक वाईट. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या रात्री नाटक पाहायला माणसे घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. अशा प्रेक्षकांसमोर हा चौथा अंक झाला, तर पोराचा जीव कोणाच्या हुकमाने गेला, हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

आणि या हत्येचे दुःख मॅक्बेथच्या वाड्यात कोणाला होते? झोपेत चालणारी लेडी मॅक्बेथ हात चोळत विचारते की, फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे? नवऱ्याच्या तोंडी असा प्रश्न एकदाही येत नाही. तिच्या मृत्यूची वार्ता आल्यावर, ती पुढे कधीतरी मरायला हवी होती, एवढे बोलून तो आयुष्याच्या निरर्थकतेकडे वळतो. आत्महत्येचे म्हणाल, तर ती शेवटच्या भाषणात माल्कमने सांगितलेली ऐकीव गोष्ट आहे, आणि तो 'असे म्हणतात' हे शब्द जोडूनच सांगतो. त्यावरून कबुलीजबाब काढता येत नाही.

विधिलिखिताचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. चेटकिणींनी खून कर असे कोठेही सांगितलेले नाही. नशिबाला मला राजा करायचेच असेल तर मी हातपाय न हलवताही होईन, असे मॅक्बेथ स्वतः बोलून जातो. बँकोलाही त्याच जागी, त्याच वेळी 'तुझे वंशज राजे होतील' असे भाकीत मिळाले होते. त्याने कोणाला मारले नाही.

राहिला इतिहास. खरा मॅक्बेथ १०४० मध्ये डंकनला लढाईत हरवून राजा झाला आणि १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, त्याने राज्य केले. पाहुण्याचा झोपेत खून वगैरे काही नाही. शेक्सपिअरने कथा घेतली ती हॉलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून. बायकोने चिथावल्याची ओळ तेथे मॅक्बेथच्या हकिकतीत आहे खरी, पण पाहुणा राजा, मद्याने झोपलेले पहारेकरी आणि रात्रीचा खून हा तपशील त्याच बखरीतल्या डोनवाल्ड नावाच्या दुसऱ्या सरदाराच्या कथेतला आहे. नाटककाराने दोन कथा जोडल्या, तो त्याचा अधिकार आहे. त्या जोडकामाला इतिहास म्हणण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

निष्कर्षाविषयी इतकेच की, शेक्सपिअरने लिहिलेला तो राजा पाहुण्याला, मित्राला आणि एका लहान मुलाला मारून गादी राखू पाहत होता. आमची सून कायद्याने ठरवून दिलेला अर्ज भरून, गावापुढे हात जोडून मते मागणार आहे. गावातल्या नळयोजनेविषयी आणि धानखरेदीविषयी तिचे म्हणणे पटत नसेल तर तसे सांगावे, तिच्याविरुद्ध उभे राहावे, हवे तर तिला पाडावे. पुतण्याला मी हे सारे लिहून पाठवले आहे, आणि तो मजकूर ज्या गटात आला त्याच गटात, माझ्या नावासह, हे उत्तर टाकायला सांगितले आहे.