मोठी समस्या आणा

दादाची मुलगी मुलुंडला एका शाळेत सातवीत आहे. यंदा तिला ‘डिझाइन थिंकिंग’ आहे, म्हणजे वापरणाऱ्याची अडचण आधी समजून घेऊन मग उपाय घडवायची पद्धत, आठवड्यातून एक तास. सामानाच्या यादीत भिंतीवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते (वहिनी म्हणते, वह्यांपेक्षा चिठ्ठ्याच महाग). पहिला प्रकल्प होता : आजूबाजूची एक समस्या शोधा. तिने शोधली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांना आतून हुक नाहीत. हातातली पिशवी कुठे ठेवायची, ओल्या लादीवर? सातवीतल्या मुलीला हा प्रश्न का पडतो, ते बायकांना सांगायला नको.

बाई म्हणाल्या, “छान आहे, पण काहीतरी मोठं आणा.” मग तिच्या गटाने समुद्रातल्या प्लॅस्टिकवर ॲप केलं. पुठ्ठ्यावर, स्केचपेनने. त्याला बक्षीसही मिळालं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून जुंपली. परळचे मामा म्हणाले, “डबेवाल्यांनी कुठला कोर्स केला होता? सगळी परदेशी खुळं.” दादा ऐरोलीला आयटीत. त्याच्याकडे बढतीच्या फॉर्मात याच विषयाचं सर्टिफिकेट विचारतात, त्यामुळे त्याचं म्हणणं, “मामा, जग पुढे गेलंय.” शेवटी दोघांनी मला ओढलं : तू तिकडे आहेस, तू सांग.

तिकडे म्हणजे बर्लिन. इथून पॉट्सडामला जाणाऱ्या लोकलने ग्रीबनिट्झझे स्टेशनला उतरलं की शेजारीच हासो प्लाटनर इन्स्टिट्यूट आहे. तिथे २००७ पासून या विषयाची शाळाच चालते. प्लाटनर हे एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्याआधी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाची अशीच शाळा, डी-स्कूल, उभी राहिली, तीही त्यांच्याच पैशातून. दादाच्या सर्टिफिकेटची वंशावळही साधारण याच घराण्यातली. एसएपीत वाढलेले विशाल सिक्का २०१४ मध्ये इन्फोसिसचे प्रमुख झाले आणि त्यांनी तिथे लाखभर लोकांना हे शिकवायला घेतलं. एकाने केलं की बाकीच्या आयटी कंपन्या मागे राहत नाहीत. आता सीबीएसईनेही अकरावी-बारावीला तो कौशल्य-विषय म्हणून ठेवला आहे.

चिठ्ठ्या इथेही आहेत. आमच्या ऑफिसात दोन दिवस कार्यशाळा झाली, भिंत पिवळी-गुलाबी झाली, साहेबांनी तिचा फोटो काढला आणि संध्याकाळी सफाईवाल्याने ती पुन्हा पांढरी केली. पुढे काही झालं असेल तर माझ्यापर्यंत आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या नताशा जेन या डिझायनरने २०१७ मध्ये ‘डिझाइन थिंकिंग म्हणजे थोतांड’ अशा अर्थाचं, मूळ इंग्रजीत शिवीच असलेलं शीर्षक देऊन भाषण केलं होतं. तिचं म्हणणं असं, की यात सगळं आहे, फक्त ‘हे वाईट झालंय’ असं तोंडावर सांगणारी टीका नाही. ती भिंत आठवली की पटतं.

पण एक गोष्ट मी इथेच शिकले. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं. महिन्यातून एक दुपार बाहेरची माणसं येऊन ते वापरतात आणि आम्ही शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघतो. नियम एकच, मध्ये पडून समजावायचं नाही. एकदा सत्तरीच्या आजी ‘पुढे’चं बटण शोधत चार मिनिटं बसल्या. ते बटण मीच तिथे ठेवलं होतं. चार मिनिटं तोंड बंद ठेवणं म्हणजे काय, हे ज्याला ट्रेनमध्ये अनोळखी माणसालाही ‘पुढच्या डब्यात चढा’ सांगितल्याशिवाय राहवत नाही त्यालाच कळेल. माझ्या शेजारी आमचे विभागप्रमुखही गप्प बसले होते. दुसऱ्या दिवशी बटण हललं. चिठ्ठी एकही लागली नाही. ज्याच्या हातात बदल करणं होतं, त्याने आजींचे हाल डोळ्यांनी पाहिले होते, एवढंच.

(जर्मनीचं कौतुक इथेच थांबवते. मागच्या वर्षी एका सरकारी कचेरीने माझ्या ईमेलला टपालाने उत्तर दिलं. पत्रात लिहिलं होतं, फॅक्स करा.)

म्हणून मामांचा डबेवाल्यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. १८९० पासूनची ती व्यवस्था. झाकणावर रंग, अक्षरं, आकडे, फारसं न शिकलेल्यालाही वाचता यावेत असे. पण ती चालते कारण खूण ठरवणारा आणि पाटी डोक्यावर घेणारा एकाच टोळीतला. मुकादमही डबे वाहूनच मुकादम झालेला. खूण चुकली तर पायपीट त्यांचीच.

आता आपल्या मुलुंडच्या फलाटावरचा इंडिकेटर बघा. कर्जत गाडीला ‘एस’, कसारा गाडीला ‘एन’. कल्याणनंतर एक मार्ग आग्नेयेला जातो, दुसरा ईशान्येला, म्हणून साउथ-ईस्ट आणि नॉर्थ-ईस्ट. रेल्वेच्या नकाशावर अगदी चोख. नवख्याला मात्र त्यात ना कर्जत दिसतं ना कसारा. आपण काय केलं? पाठ करून टाकलं. आणि स्कायवॉक, ते पायी चालायचे लांबलचक उंच पूल? पहिला २००८ मध्ये वांद्र्याला झाला, मग शहरभर पीक आलं. कित्येक ठिकाणी लोक खालूनच चालत राहिले, कारण भाजी खाली, रिक्षा खाली आणि वर जायला जिना. गुडघे दुखणाऱ्या एका बाईला विचारलं असतं तरी चाललं असतं. अशा गोष्टी निभावून नेण्याला आपण मुंबईचं स्पिरिट म्हणतो. मला हल्ली त्या शब्दाची चीड येते.

‘परदेशी खुळं’ हे मात्र मामांनी मागे घ्यावं. मुलुंडहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ, पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (आताचं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) १९६९ पासून उभं आहे. ते घडवणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मला शिकून गेलेले. २०१० मध्ये रुपयाला चिन्ह देणारे उदय कुमार तिथलेच विद्यार्थी. म्हणजे विद्या घरात होतीच, आणि आपण ती अमेरिकेहून नव्या वेष्टनात मागवली. दादा, सर्टिफिकेट घे, बढतीही घे. पण डिझाइन थिंकिंगच्या तुमच्या त्या पाच पायऱ्यांतली पहिली, समोरच्याचं ऐकण्याची, ती साहेबांनी चढायची असते. ज्युनिअरने चढून उपयोग नाही. त्याला तर अडचण आधीच ठाऊक असते.

शाळेतही तेच झालं. बाईंवर माझा राग नाही. प्रदर्शनाला पालक येणार, संस्थेचे पदाधिकारी येणार, त्यांच्यासमोर संडासाचा हुक कसा मांडायचा? समुद्र बरा, त्याची जबाबदारी कुणावरच नाही. हुक मांडला की ‘मग लावला का नाही?’ असं कुणीतरी विचारणार.

रविवारी मी भाचीला म्हटलं, नुसता हट्ट नको, मोजून बघ. बुधवारी तिचा मेसेज आला : “आत्या, मधल्या सुट्टीत ४१ मुली गेल्या. २९ जणींच्या हातात काहीतरी होतं. १७ जणींनी ते धरायला मैत्रिणीला बाहेर उभं केलं.” हा शेवटचा आकडा मी सांगितलेलाच नव्हता, तिला तिथे उभं राहून सुचला.

मुख्याध्यापिकांच्या नावाने अर्ज लिहून झाला आहे. अजून दिलेला नाही. बाईंचा मूड बघून देणार म्हणे.