आडनाव हा आक्षेप होऊ शकत नाही

महापालिकांच्या मतदार याद्यांवरून एक निरोप सध्या व्हॉट्सॲपवर सोसायट्यांच्या ग्रुपांतून घरच्या ग्रुपांपर्यंत पोचलाय. घरातल्या जाणत्या माणसानेच तो पुढे ढकलला, म्हणून हे लिहायला घेतलं. निरोपाचं म्हणणं असं: परप्रांतीयांना गावी आणि इथे, दोन्हीकडे मतदानाचा हक्क असतो, भाडेकरूला मतदार होता येत नाही, आधार दाखवलं की कुणाचंही नाव लागतं, म्हणून यादीतली 'बाहेरची' आडनावं शोधा आणि प्रत्येकावर नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरा. शेवटी, ज्याची मुळं इथली नाहीत त्याने इथे मत देणंच अनैतिक, असाही निवाडा आहे.

दोन्हीकडे हक्क कुणालाच नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ सांगतं की एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असेल. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ त्याहून कडक आहे: दोन मतदारसंघांत मत दिलं, तर दोन्हीकडची मतं बाद.

आता यातलं अर्धं खरं आहे ते मान्य करावंच लागेल. दुबार नावं आहेत, आणि बरीच आहेत. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे यादीत दोन तारे छापायची वेळ आली. पण ही नावं येतात कुठून? जागा बदलली की नमुना ८ भरायचा असतो, मग जुन्या पत्त्यावरचं नाव निघतं. प्रत्यक्षात टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता सरसकट नमुना ६ भरून देतो. तो फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. जुनं ओळखपत्र कुणी विचारत नाही, आणि जुनं नाव तिथेच राहतं. कोथरूडहून वाकडला गेलेल्या मराठी घरातही नेमकी हीच चूक होते. तिथे आडनाव बघून काय सापडणार?

सगळ्यात घातक आहे तो नमुना ७ चा सल्ला. हा अर्ज म्हणजे एखाद्याचं नाव वगळण्यासाठीचा आक्षेप. तो त्याच मतदारसंघातल्या मतदाराने, स्वतःचा ओळखपत्र क्रमांक देऊन भरायचा असतो, आणि कारणं ठरलेली आहेत: मृत्यू, वय कमी, कायमचं स्थलांतर, नाव दुसरीकडे असणं, भारताचा नागरिक नसणं. 'आडनाव परकं' असा रकाना त्यात नाही. खाली सही करताना मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापन आपण देतो. ते जाणूनबुजून खोटं ठरलं तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एकाच माणसाने पाचपेक्षा जास्त आक्षेप घेतले तर त्यांची वेगळी फेरतपासणी करायची, अशा केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. निरोप पाठवणाऱ्याने यातलं काहीच सांगितलेलं नाही. सह्या मात्र आपल्या घरातली माणसं करणार.

समोरच्याचं काय होतं तेही बघा. नाव वगळण्याआधी त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे, हे त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. पण बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, दुपारी येतो तेव्हा दोन पाळ्या करणारा वॉचमन कामावर असतो, खोलीला कुलूप असतं, नोटीस परत जाते. मतदानाच्या दिवशी तो ओळखपत्र घेऊन रांगेत उभा राहतो आणि यादीत नाव नसतं. नुसत्या ओळखपत्रावर मत देता येत नाही. केंद्राध्यक्षाला इच्छा असली तरी काही करता येत नाही.

हे सगळं मुंबईत एकदा होऊन गेलंय. परकीय असल्याच्या संशयावरून वस्त्यांतल्या मतदारांना नोटिसा गेल्या, पोलिसांच्या चौकशीवर भिस्त ठेवली गेली, ठरावीक दाखल्यांचाच आग्रह धरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९५ च्या लाल बाबू हुसेन निकालात ती कारवाई टिकली नाही. ज्याचं नाव आधी यादीत आहे, त्याची नोंद रीतसर झाली असं गृहीत धरूनच सुरुवात करायची. संशयाचं कारण त्याला सांगायचं. तो जो पुरावा आणेल तो बघायचा. आणि निर्णय नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः डोकं लावून घ्यायचा. नमुना ७ चे गठ्ठे वाटणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा.

भाडेकरूचा मुद्दा तर १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्येच निकालात निघतो: नुसत्या घराच्या मालकीने कुणी 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही. महत्त्व राहण्याला आहे. १५ वर्षांच्या अधिवासाच्या दाखल्याचा मतदानाशी संबंध नाही. बेघर माणूसही मतदार होतो. तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन बघायचं असतं. आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलंय.

राहिला नैतिकतेचा प्रश्न. नळाला पाणी किती वाजता येईल, नाला कधी उपसला जाईल, हे नगरसेवक ठरवतो, आणि त्याचे भोग तिथे राहणाऱ्यालाच भोगावे लागतात. मग मत त्याचंच. मुळं मोजायची तर सुरतेतल्या खानदेशी माणसाचं काय करायचं? जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून गुजरातमधल्या नवसारीतून लोकसभेवर निवडून येताहेत. तिथे कुणी आडनावं चाळायला बसलं असतं, तर आपल्याला चाललं असतं?

उलट खरा अन्याय आपल्याच ऊसतोड मजुरावर होतो. मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून निघालेली कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, हंगामभर उसाच्या फडावर असते. नाव गावच्या यादीत. तात्पुरतं बाहेर गेल्याने ते कटत नाही, पण २० नोव्हेंबर २०२४ सारख्या ऐन हंगामातल्या मतदानाला गावी जायचं कसं? उमेदवाराने गाडी पाठवली तर ते १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण. केंद्रीय निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघांचं मतदान एकाच यंत्रावर घेता येईल असं दूरस्थ यंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर ठेवलं, ते विरोधामुळे तिथेच थांबलं. या माणसांच्या मताबद्दल निरोपात एक ओळ नाही.

याद्या खरंच स्वच्छ करायच्या असतील तर सोसायटीने एक रविवार द्यावा. भागाची यादी डाऊनलोड करा, मयत आणि घर सोडून गेलेल्यांची नावं पुराव्यासह एकेक करून कळवा, आणि इमारतीतल्या भाडेकरूंना, वॉचमनला नमुना ८ भरायला मदत करा. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही, काढताही येत नाही. महापालिकेला तर राज्य आयोग विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची उचलतो, म्हणून हे काम निवडणूक जाहीर होण्याच्या आधीच उरकायला हवं.