खुलासा : ‘प्रकल्प आले, अभ्यासक्रम गेला’ हा मेसेज चुकीचा आहे

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : नव्या धोरणानुसार सहावी ते आठवीला अभ्यासक्रमच नाही, मुलं मनाला येईल तो प्रकल्प करतील, पुस्तकं घेऊ नका. हे खरं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा मूळ मजकूर मी वाचला आहे. परिच्छेद ४.५ म्हणतो, प्रत्येक विषयाचा आशय गाभ्यापुरता कमी करा, म्हणजे शोध घ्यायला, चर्चेला वेळ मिळेल. कमी करा, काढून टाका नव्हे. दप्तराविना दिवस आहेत, पण सहावी ते आठवीदरम्यान १०, आणि तेही सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकण्यासाठी.

मी वर्गात प्रकल्प घेते. काय शिकायचं ते ठरलेलं असतं, विषय मुलं निवडतात. कुणी कळमना बाजारातले संत्र्यांचे भाव नोंदवतं, कुणी घरची वीजबिलं. आलेख आणि शेकडेवारी मात्र दोघांनाही यायलाच हवी. अडलं की प्रकल्प थांबवून मी सरळ फळ्यावर शिकवते, आणि ते मला गैर वाटत नाही. निवड नसेल तर प्रकल्प पालकच करून देतात, हेही तितकंच खरं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आणि पुस्तकं घ्या.