समतेची सुरुवात ब्रुनोपासून

माणूस आणि जनावर समान, हे तुम्हाला पटलेलं आहेच. नसतं पटलं तर बेळगावच्या टिळकवाडीत सकाळी सकाळी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन कुत्र्यामागं धावला नसता. आता ही समता नीट पाळायची कशी, तेवढं सांगतो.

आधी भाषेचं मिटवा. आपल्या गावात 1 नोव्हेंबरला एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक जाते, दुसऱ्यानं मराठी माणसांच्या काळ्या दिवसाची फेरी. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं. अशा ठिकाणी कुत्र्याशी मराठी बोलाल तर तो बिचारा सीमावासीय होईल, कन्नड बोलाल तर शेजारी बघत राहतील. म्हणून त्याच्याशी इंग्रजीच बोला. 'सिट, कम, नो ब्रुनो नो.' याच्यापुढं आपल्याला येत नाही, त्यालाही येत नाही. याहून समान ते काय असणार?

बैलाला इंग्रजी चालत नाही. कन्नड मुलखातल्या बाजारातून आणलेला बैल कन्नड हाकेलाच वळतो. मग खानापूरकडचा आपला कट्टर मराठी पावणा मुकाट्यानं कन्नडात हाकारे घालतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे; गोठ्यात तो पहिल्याच दिवशी निकालात निघाला. (बैलानं जिंकला.) शर्यतीचंही तसंच. कोर्टानं 2014 मध्ये बंदी घातली, 2023 मध्ये परवानगी मान्य केली. नऊ वर्षांत दोन निकाल! समान वागणूक मागायचीच असेल तर आपण बैलाच्या बरोबरीची मागावी.

बैलाला चाबूक लागलाच तर फार घाबरू नका. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात पाव किलो कुंदाही येत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात, तेव्हा व्हिडिओ जरूर काढा. दुसऱ्या दिवशी दुधात पाणी किती म्हणून त्याच गवळ्याशी भांडा. कोंबडीला मात्र नाव ठेवू नका. एकदा 'चिंगी' म्हटलं की रविवारचा रस्सा घशाखाली उतरत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनाही यात ओढू नका. त्यांना आडनाव नसतं.

ब्रुनोला मात्र घरातलंच माना. कुणाचा फोन आला तर सांगा, "ब्रुनो जेवालाय, मागनं करतो." त्याला सोफ्यावर घ्या, आपल्याच ताटातला घास द्या, वाढदिवसाला केक आणा. कामाच्या मावशींना त्यातला तुकडा द्यायला विसरू नका. कागदावर द्या. त्यांचा चहा त्यांच्या वेगळ्या कपात, मागच्या दाराशी. तो कप ब्रुनोच्या तोंडाला लागणार नाही एवढं बघा. लागलाच तर ब्रुनोचं तोंड लगेच पुसून घ्या.