रंगसंगती नंतर, आधी फोन नंबर

वेबसाइट डिझाइनवरच्या तुमच्या लेखात चांगल्या डिझाइनची सुरुवातच रंगसंगती आणि अ‍ॅनिमेशनपासून केली आहे, ते काही पटलं नाही. आमच्या नौपाड्यातल्या एका क्लिनिकची साइट (नाव नको) दिसायला चकाचक आहे. वर मोठमोठे फोटो आपोआप सरकत राहतात. ओपीडीची वेळ मात्र पार तळाशी. तिथेच फोन नंबर, तोही चित्रात छापलेला! बोट ठेवून कॉल लागत नाही, कॉपी होत नाही.

फॉर्मबद्दल तर बोलायलाच नको. जन्मतारखेचं कॅलेंडर उघडतं ते चालू महिन्यावर. सत्तरीतल्या माणसाने मागचा बाण दाबत बसायचं का? एक रकाना चुकला की भरलेलं सगळं साफ, आणि वर लाल अक्षरांत 'इनव्हॅलिड'. काय इनव्हॅलिड, देव जाणे. चूक नेमकी कोणती आणि ती कशी सुधारायची हे साध्या भाषेत सांगा, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा डिझाइन-तत्त्वांत आहे. म्हणजे ज्ञान नवं नाही, करायचा कंटाळा.

फिकट राखाडी अक्षरांची फॅशनही तशीच. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं; त्यांच्या एए (मधल्या) पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. पण डिझायनर पाहतो ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर, आणि आम्ही ठाणे-वाशी लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून, ऊन पडलेल्या मोबाइलवर.

पुढच्या भागात अ‍ॅनिमेशन जरा बाजूला ठेवून फॉर्मवर लिहा ना.