डीपीत क्रूस, खाली कमेंट

अफगाणिस्तानातल्या त्या 22 मिशनऱ्यांना उद्या दुपारी ठार मारणार आहेत. गेली कित्येक वर्षं हे 'उद्या' उद्यावरच आहे.

पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद माझ्या गळ्यात असल्याने हा निरोप मला चुकत नाही. तो आला की खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, माहीमच्या चर्चला बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला लागते तशी. मिळतीजुळती खरी घटना 2007 ची. तालिबानने 23 दक्षिण कोरियन स्वयंसेवक पळवले, दोघांना मारलं, बाकीचे साधारण सहा आठवड्यांत सुटले. पण सुटल्याची बातमी कोण फॉरवर्ड करणार? तिच्यात 'आमेन' टाइप करायला जागाच नाही.

तपासणी सोपी आहे. मेसेजवर दोन बाण दिसले की तो बऱ्याच हातांतून आलाय असं समजायचं. असा मेसेज व्हॉट्सअॅपदेखील एका वेळी एकाच चॅटला जाऊ देतं. तारीख, गाव, डायोसिसचं (बिशपच्या धर्मप्रांताचं) पत्रक यांपैकी काहीच नसेल तर त्यातली एक ओळ उचलून गूगलवर टाकायची.

अवघड असतं ते हा निरोप पाठवणाऱ्या आंटींना सांगणं. ग्रुपवर 'हे खोटं आहे' लिहिलं की उत्तर ठरलेलं: "अरे बाबा, प्रार्थना केली तर बिघडलं काय?" रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर आंटी तोंड फिरवून जातात ते वेगळंच. बायबलात मत्तय 18:15 मध्ये भावाची चूक एकांतात दाखवायला सांगितलंय, म्हणजे पर्सनलवर. अॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण पुसल्याची खूण मागे राहते आणि तिच्यावर मेसेजपेक्षा जास्त चर्चा होते. त्यापेक्षा आंटींनाच पुसायला लावावं. त्यांना साधारण दोन दिवसांची मुदत असते. बिघडतं काय, तेही पर्सनलवरच सांगावं: तोच मेसेज तुमच्या स्टेटसवर खालच्या मजल्यावरचे चाचा वाचतात आणि वर डीपीत क्रूस असतो. खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांतली आमची आठवी आज्ञा फॉरवर्डला माफ नाही.

दानधर्माच्या फोटोंचं तर विचारूच नका. पाच किलो तांदळाची एक पिशवी, तिला धरलेले सहा हात, आणि ज्या बाईला ती द्यायची ती अर्धी फ्रेमबाहेर. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणतात. इथे डावा हातच मोबाईल धरून उभा! फोटो हवाच असेल तर तांदळाचा काढा.

आजाऱ्यासाठी प्रार्थना मागताना नुसतं पहिलं नाव पुरतं. नळ्या लावलेला फोटो, वॉर्ड, बेड नंबर देवाला लागत नाहीत.

राहता राहिलं 'हॅपी गुड फ्रायडे'. हे ऑफिसातल्या ग्रुपवर येतं, गुलाबाच्या फुलासकट. तिथे प्रवचन झोडू नये. "थँक यू. आज आमचा दुःखाचा दिवस असतो, रविवारी ईस्टर आहे, तेव्हा हेच फूल पुन्हा पाठवा," एवढं पुरतं. पाठवतात, आणि केक कधी आणताय तेही विचारतात.